बावीस नंबर रस्त्यावरची पाटी

१

बावीस नंबर रस्त्याच्या कडेच्या लाल ग्रॅनाइटवरची ब्राँझची पाटी गेली, हे नॉयडॉर्फ गावाला शनिवारी सकाळी कळलं. ती कुणी नेली असेल, हे गावाने दुपारच्या आत ठरवूनही टाकलं.

पोलीस खात्यातली डेप्युटी अ‍ॅडलीन वँगलर दगडापाशी पोचली तेव्हा रात्रीचा पाऊस नुकताच थांबला होता. दगडाचं तोंड जरा आकाशाकडे कललेलं होतं. त्यावर पाटीच्या जागी फिकट चौकोन उमटला होता आणि कोपऱ्यांतल्या चारही भोकांत पाणी साचलं होतं. म्हणजे पाटी निघाली ती पावसाच्या आधी. कुठे ओरखडा नाही, टवका नाही. चारही पितळी बोल्ट दगडाच्या माथ्यावर ओळीने मांडून ठेवलेले.

दगडाच्या मागच्या बाजूला, कापलेल्या गवतात, मुठीएवढे तीन धोंडे एकत्र पडले होते. अ‍ॅडलीनने एक उचलून उलटा केला. वरची बाजू पावसाने धुऊन स्वच्छ, खालची काळ्या चिकट मातीने माखलेली. रस्त्याकडेला अशी माती नव्हती, ती शेतातली. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकताना तिला एक सवय लागली होती. जे कळत नाही त्याचा फोटो काढून ठेवायचा. तिने फोटो काढला आणि धोंडा होता तसा ठेवून दिला.

पाटीवर काय होतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. रशियातून आलेल्या पाच जर्मन कुटुंबांनी इथे, मातीच्या एका घरात, पहिला हिवाळा काढला. हिमवादळांच्या दिवसांत घटसर्पाची साथ आली. तेव्हा त्यांच्यातला कोनराड डेल्झर वसाहतीचा एकुलता एक घोडा घेऊन पश्चिमेला रेल्वेच्या दिशेने पळून गेला. मदत न मिळाल्याने तीन मुलं दगावली. मग मुलांची नावं, आणि शेवटी ‘त्यांचा विसर न पडो’.

विसर पडूही दिला नव्हता कुणी. कोनराडच्या डाव्या हाताची दोन बोटं सैन्यात तुटली होती म्हणे. म्हणून गावातली पोरं डेल्झरांच्या पोरांना शाळेत अजूनही दोन बोटं दुमडून हात दाखवत.

पुढच्या रविवारी गावाच्या स्थापनेचा मोठा सोहळा होता आणि तो याच दगडापाशी व्हायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी कोरीन डेल्झर चालवते ती शाळेची पिवळी बस इथे थांबलेली दोघांनी पाहिली होती. पाटी नको असावी असं गावात दुसरं होतं तरी कोण?

दुपारी अ‍ॅडलीन कोरीनच्या दारात उभी होती. बसमधल्या हत्यारांच्या पेटीत तिला एक पाना मिळाला. तो त्या चारही बोल्टना अगदी नीट बसत होता.

२

“तो पाना या गावात प्रत्येक घरात आहे,” कोरीन म्हणाली. “तुझ्या बापाच्या गॅरेजमध्ये तीन असतील.”

“असतील.”

“मग तिकडे जा ना. इथे काय?”

दोघी शाळेत एकाच वर्गात होत्या. कुंपणापलीकडे शेजारीण गवताला पाणी घालत होती. रात्रभर पाऊस पडून गेलेल्या गवताला.

“बस का थांबवलीस?”

“रोज थांबवते. शेवटचं पोर उतरलं की तिथे पाच मिनिटं उभी करते आणि पाटी वाचते.”

“रोज?”

“शिवी रोज वाचली की तिची सवय होते. निदान तसं वाटलं होतं. झाली नाही.” कोरीनने दाराला पाठ टेकली. “मी निघाले तेव्हा पाटी जागेवर होती, अ‍ॅडी.”

अ‍ॅडलीनने गॅरेज उघडायला लावलं. रंगाचे डबे हलवले, बर्फात घालायच्या बुटांमागे पाहिलं. काही निघालं नाही. निघणार नाही हे तिला अर्ध्यातच कळून चुकलं होतं, पण सुरू केलेलं काम मधे सोडलं तर दिसायला बरं दिसत नाही म्हणून तिने शेवटपर्यंत पाहिलं. एव्हाना रस्त्यावर दोन गाड्या हळू झाल्या होत्या.

“पापांना सांगू नकोस,” निघताना कोरीन म्हणाली. तिचे वडील रुबेन वृद्धाश्रमात होते. हृदय इतकं थकलेलं, की डॉक्टर आता पुढच्या महिन्याबद्दल बोलतच नव्हते. “जन्मभर त्यांनी बावीस नंबरचा रस्ता टाळला. वळसा घालून जायचे. मरताना त्यांच्या कानावर हे नको, की डेल्झरांनी पुन्हा काहीतरी नेलं.”

सोमवारी शाळेने, चौकशी संपेपर्यंत म्हणून, कोरीनची बस काढून घेतली. आणि रुबेनना त्याच दिवशी कळलं. वृद्धाश्रमात जेवणाच्या टेबलावर कुणीतरी त्यांच्याकडे पाहून दोन बोटं दुमडली होती.

३

“ब्राँझ भंगारात जातं, म्हणून आलीस,” व्हर्जिल ओप म्हणाला. गावाबाहेर त्याचा भंगाराचा वाडा होता. “तुझ्या आधी चौघं येऊन गेले. एकाने तर विचारलं, वितळवलीस का रे लगेच.”

“वितळवली का?”

“पोरी, बोल्ट पितळेचे होते. कुठे सापडले?”

“दगडावर. ओळीने ठेवलेले.”

“मग झालं तर.” त्याने हात पुसले. “पितळ सोडून जाईन का मी? माझ्या घराण्याची काही अब्रू आहे की नाही?”

शुक्रवारी दुपारपासून रविवारपर्यंत तो नातीच्या लग्नाला दूर गेला होता. तिथे नाचताना काढलेला त्याचा फोटो त्याने न मागता दाखवला. फोटो भयंकर होता, पण खरा होता.

तिथून अ‍ॅडलीन अल्मा फोग्टकडे गेली. अल्मा गावाच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष. पाटीवरचा मजकूर त्यांच्या वडिलांनीच लिहिला होता. त्यांचा भाऊ लेलँड मार्चमध्ये वारला, तेव्हापासून त्या त्याच्या शेतावरच्या घरात राहून त्याचं सामान आवरत होत्या. सगळं गाव त्यांना टांटे, म्हणजे मावशी म्हणायचं.

“बस. कुखेन खा,” त्या म्हणाल्या आणि केकची बशी पुढे सरकवली. “आलुबुखारचा आहे. मी काल दोन केले आणि खायला कुणी नाही.”

“टांटे, पाटी कुणी नेली असेल?”

“नेली तर नेली. जुनी झाली होती.”

अ‍ॅडलीनचा चमचा थांबला. दर वसंतात त्या पाटीला मेण लावून, फडक्याने घासून ही बाई ती आरशासारखी करत असे. एकदा कुणी त्या दगडावर कॉफीचा कप ठेवला, तर त्याच्याशी त्या महिनाभर बोलल्या नव्हत्या.

“सोहळ्याचं काय मग?”

“पाटीशिवाय होईल. उलट तिच्यावाचून बरं. तू हे प्रकरण मिटव, अ‍ॅडलीन. कुणाला त्रास नको.”

“कोरीनची बस काढून घेतली. आजच.”

अल्माबाईंनी कॉफी ओतायला किटली उचलली होती. ती त्यांनी कप न भरताच खाली ठेवली. नंतर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नळाचं पाणी वाहत राहिलं होतं. अ‍ॅडलीन उठून दाराशी गेली. त्या सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात धुवायला काहीच नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडलीन कोरीनला घेऊन पुन्हा दगडापाशी आली.

“शुक्रवारी इथून निघताना काय काय दिसलं? सगळं सांग. क्षुल्लक असेल तेही.”

“म्हणजे आता मी साक्षीदार? शनिवारी चोर होते.”

“शनिवारी मी गाढव होते.”

कोरीनने हे ऐकून घेतलं, नाही म्हणाली नाही. मग तिने शेताकडे हात केला. “तिकडे लांब, पूर्वेच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. मला वाटलं हरीण. पण हरीण इतकं संथ चालत नाही.”

दोघी शेतात उतरल्या. गहू नुकता वीतभर वर आला होता. ओळींच्या मधून पाय टाकत त्या बोलत बोलत गेल्या. शेत फोग्टांचं होतं. मूळचं कोनराडचं. तो पळाला म्हटल्यावर त्याच्या बायकोच्या हातून ते गेलं, आणि फोग्टांनी घेतलं. पावसाने पावलांचे ठसे कधीच पुसून टाकले होते. पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

कुंपणाशी पोचल्यावर कोरीन खुदकन हसली. या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसत होती.

“हातात काय आहे तुझ्या?”

अ‍ॅडलीनने खाली पाहिलं. तिच्या डाव्या हातात एक धोंडा होता, उजव्या हातात दुसरा. कधी उचलले, तिला आठवेना.

“तुमची सगळ्यांची खोड,” कोरीन म्हणाली. “चर्चच्या सहलीला गेलो तरी तुम्ही लोक दगड उचलून कडेला नेऊन ठेवता.”

खरंच होतं ते. दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि वसंतात खालचे धोंडे वर येतात. नांगराचा फाळ मोडू नये म्हणून ते वेचायचे आणि शेताच्या कडेला नेऊन टाकायचे. शेतावर वाढलेलं पोर चालायला लागलं की वाकून दगड उचलतं, आणि म्हातारं होऊन कमरेतून वाकेनासं होईपर्यंत उचलत राहतं. त्यात विचार नसतो. हात आपोआप जातो.

“तू नाही उचललास,” अ‍ॅडलीन सावकाश म्हणाली.

“आमच्या घरात हा रोग नाही. रोग व्हायलाही शेत लागतं. आजोबा रेल्वेत हमाल, पापा धान्याच्या कोठारात, मी बसवर. कोनराडनंतर डेल्झरांकडे मातीची कुंडीसुद्धा नव्हती.”

अ‍ॅडलीनने फोन काढून शनिवारचा फोटो उघडला. कापलेल्या गवतात तीन धोंडे, खाली ओली शेतमाती. वर पावसाने धुतलेले, खालची माती अजून ताजी, म्हणजे पाटी निघाली त्याच संध्याकाळी तिथे आलेले. पाटी नेणारा माणूस रस्त्याने आला नव्हता. या शेतातून चालत आला होता, आणि येता येता त्याच्या हातांनी जन्माची सवय पाळली होती. दगडापाशी पोचल्यावर पाना धरायला हात मोकळे हवेत, म्हणून त्याने धोंडे खाली ठेवले असणार.

गावातल्या भंगारवाल्याने ते केलं नसतं. डेल्झरांच्या मुलीने तर नाहीच.

“कोरीन,” ती म्हणाली, “मला माफ कर.”

“कशाबद्दल ते नंतर सांग. तिकडे बघ आधी.”

कोपऱ्यात तळ्याजवळ फोग्टांच्या दगडांचा ढीग होता, पिढ्यान्‌पिढ्या वेचून रचलेला. वरच्या प्रत्येक दगडावर करड्या-नारिंगी दगडफुलाचे डाग होते, कारण दगडफूल उजेडात वाढतं. पण एका बाजूला दहाबारा दगड कोरे, मातकट दिसत होते. अ‍ॅडलीनने त्यातला एक उलटला. दगडफूल त्याच्या खालच्या अंगाला होतं, अंधारात.

कुणीतरी ढीग उघडून पुन्हा बंद केला होता.

५

पाटी तिसऱ्या थरातच लागली. धान्याच्या रिकाम्या पोत्यात, तोंड खाली करून ठेवलेली. पोत्यात आणखी एक वस्तू होती. घोड्याच्या तोंडात घालायची लोखंडी कडी, गंजून निम्मी झालेली.

“हे कशाला ठेवलंय?” कोरीन म्हणाली.

अ‍ॅडलीनला उत्तर द्यायची वेळ आली नाही. फोग्टांच्या घराकडून अल्माबाई येत होत्या. त्यांनी खिडकीतून दोघींना पाहिलं असणार. गव्हाच्या ओळींतून त्या घाई न करता येत होत्या. मधेच वाकल्या, पुन्हा चालू लागल्या. जवळ आल्या तेव्हा त्यांच्या हातात धोंडा होता. तो त्यांनी ढिगावर ठेवला आणि मग पोत्याकडे पाहिलं.

“मी येणारच होते तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “रोज ठरवत होते, उद्या जाऊ.”

“ही कडी कुठली, टांटे?”

“लेलँडला मिळाली. दुष्काळाच्या साली तळं कोरडं पडलं, तेव्हा त्याने ते खोल करायला घेतलं. तळाच्या चिखलात घोडा होता. हाडांचा. आणि त्याच्या कुशीला माणूस.” त्यांचा आवाज सरळ होता, जणू पाठ केलेलं म्हणत होत्या. “डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. तुटल्यावर बरी झालेली, टोकं गोल झालेली. लेलँडने सगळं बाजूच्या उंचवट्यावर पुरलं आणि कडी घरी आणली. मला सांगितलं ते मार्चमध्ये, मरायच्या आदल्या आठवड्यात.”

अ‍ॅडलीनने रस्त्याकडे पाहिलं, मग तळ्याकडे. मातीचं घर होतं ते तिकडे, दगडापाशी. रेल्वे पश्चिमेला. आणि तळं घराच्या पूर्वेला, जिकडे जुनी मोठी वसाहत होती, जिथे त्या वेळी या भागातला एकमेव डॉक्टर राहत होता.

“पळणारा माणूस पूर्वेला गेला नसता,” ती म्हणाली. “तो डॉक्टरला आणायला निघाला होता. हिमवादळात तळं त्याला दिसलं नसेल, आणि पायाखालचा बर्फ फुटला असेल.”

“हो.”

“आणि लेलँडने हे कुणाला सांगितलं नाही.”

“पाटी आमच्या पापांनी लिहिलेली. शेत आमच्याकडे आलेलं. तो म्हणाला, सांगितलं असतं तर आपण कोण ठरलो असतो?” अल्माबाई ढिगावर टेकल्या. “आणि मला कळल्यावर मी काय केलं? दगड ओढायची घसरगाडी घेतली आणि पाटी काढून आणली. वाटलं, रविवारी सगळ्या गावासमोर ते पुन्हा वाचायला नको. खोटं उचलून नेलं की खरं सांगावं लागणार नाही.”

“माझं गॅरेज उपसलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं?” कोरीनने विचारलं.

“त्याच दुपारी.”

“बस गेली ते?”

“अ‍ॅडलीनने सांगितलं. कुखेन खाताना.”

गव्हावरून वारा येत होता. अ‍ॅडलीनला वाटलं होतं, चोर सापडला की आपल्याला हलकं वाटेल. पण अल्माबाईंनी निदान रोज ‘उद्या’ तरी म्हटलं होतं. ती स्वतः क्षणाचाही विचार न करता डेल्झरांच्या दारात जाऊन उभी राहिली होती. गावाने बोट दाखवलं तिकडे, आणि तेही हातात पदवी असताना.

“शाळेला मी आत्ता फोन करते,” ती कोरीनला म्हणाली.

“ते कर. पण आधी पापांकडे. त्यांच्याकडे दिवस किती आहेत, माहीत नाही.” कोरीन अल्माबाईंकडे वळली. “तुम्ही चला. तुमच्याच तोंडून ऐकू दे त्यांना.”

६

रुबेन डेल्झर उशांना टेकून बसले होते. अल्माबाईंनी सगळं त्यांना जुन्या बोलीत सांगितलं, जी आता गावात फक्त म्हाताऱ्यांना येत होती. मधे थांबल्या नाहीत, रडल्या नाहीत. लोखंडी कडी त्यांनी पांघरुणावर ठेवली. रुबेननी ती बोटांनी चाचपली.

“कोणत्या दिशेला?” त्यांनी विचारलं.

“पूर्वेला.”

“आजी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची. पूर्वेला गेला, परत येईल. सत्तर वर्षं म्हणत होती. आम्ही तिला वेडी समजायचो.” ते थांबले, दम घेतला. “मी पण समजायचो.”

“मी नवी पाटी करून देते, रुबेन,” अल्माबाई म्हणाल्या. “कोनराड डेल्झर वसाहतीचा घोडा घेऊन मदत आणायला निघाला आणि वादळात मेला, असं स्पष्ट लिहिते.”

“कुणाचा घोडा?”

“वसाहतीचा.”

“घोडी होती,” रुबेन म्हणाले. “लीझे. आणि ती वसाहतीची नव्हती, त्याची होती. आजीने लग्नातल्या पिसांच्या गाद्या विकल्या, तेव्हा आली ती. जहाजातून उतरल्यावर.”

“हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

“विचारलं कुणी?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “ज्याला चोर म्हणायचं ठरलंय, त्याला माल कुणाचा होता ते कोण विचारतं?”

अ‍ॅडलीनच्या ओठांपर्यंत एक शब्द आला होता. सवयच तशी होती, गाद्या विकल्याचा, घोडी घेतल्याचा काही पुरावा? कोरीनने तिच्याकडे पाहिलं आणि तिला ते बरोबर दिसलं.

“विचार ना, अ‍ॅडी,” ती म्हणाली. “गॅरेज पुन्हा उघडून देऊ का?”

“नको,” अ‍ॅडलीन म्हणाली.

अल्माबाई उठायच्या बेतात होत्या. “मग तसं लिहिते. त्याची घोडी, असं.”

“तू नाही लिहायचं,” रुबेन म्हणाले. “तुमच्या घराने एकदा लिहून झालंय. आता कोरीन लिहील.”

“आणि मी काय करू?”

म्हाताऱ्याने डोळे मिटले.

“रविवारी लोक येतील ना दगडापाशी? ब्राँझची तोवर होणार नाही. कोरीन पुठ्ठ्यावर लिहून लावेल. तू तिच्या शेजारी उभं राहायचं. हाडं कुणाला सापडली, कुणी पुरली, पाटी कुणी काढली, कुणी विचारलं तर सांगायचं. कुणी नाही विचारलं तरी सांगायचं. शेवटचा माणूस वाचून जाईपर्यंत हलायचं नाही.”

“ऊन असतं तिथे,” अल्माबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी मान खाली घातली. “उभी राहीन.”

“मीही राहीन,” अ‍ॅडलीन म्हणाली.

तिला वाटलं होतं कोरीन नको म्हणेल, काय गरज आहे म्हणेल. कोरीनने तिच्याकडे नीट पाहिलं.

“तुला राहायलाच हवं,” ती म्हणाली, आणि वडिलांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करू लागली.